छोट्या मेमरीचा बोर्ड आणि कंपायलरची डीबग इन्फो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, संत्र्याच्या बागांसाठी ड्रिपचे कंट्रोलर बनवतो. बहुतेक बोर्ड एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपवर आहेत (आत कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर), म्हणजे ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम, आणि काही जुने एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपवर, तिथे तर रॅम फक्त २ केबी. दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं इंटर्नशिपला येतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. जीसीसी हा कंपायलर धरून लिहिलंय, आणि मायनस जी म्हणजे त्याला 'डीबग इन्फो, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती, पण लिही' असं सांगणारा ऑप्शन, बाकी कंपायलरमधे नावं बदलतील पण गोष्ट तीच.

भाऊ, मायनस जी लावलं तर फ्लॅश भरून जाईल ना? आधीच ५८ केबी झालंय.

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण याच भीतीने लोक डीबग इन्फो काढून टाकतात आणि मग फील्डमधे बोर्ड बंद पडला की हातात काहीच राहत नाही. मायनस जी लावल्यावर कंपायलर जी माहिती लिहितो ती ईएलएफ फाइलमधे (बिल्डमधून निघणारी पूर्ण फाइल) वेगळ्या सेक्शनमधे जाते, डीबग-इन्फो, डीबग-लाइन, डीबग-फ्रेम अशी त्यांची नावं असतात, आणि त्या सेक्शनवर 'हे चिपमधे लोड करा' असा शिक्काच नसतो. ऑब्जकॉपी टूलने चिपमधे टाकायची हेक्स किंवा बिन फाइल काढली की ते सगळं तुमच्या कॉम्प्युटरवरच राहतं, चिपमधे एक बाइटही जात नाही. ईएलएफ १ एमबीची दिसली म्हणून घाबरू नका, त्यातला चिपमधे जाणारा भाग किती ते साइज कमांडने पाहा. हेक्सच्या फाइल साइजवरूनही अंदाज बांधू नका, ती टेक्स्ट फाइल असते, एका बाइटसाठी दोन अक्षरं आणि वरून पत्ता न् चेकसम, त्यामुळे खऱ्या कोडच्या जवळपास पावणेतीन पट दिसते.

विश्वास बसत नसेल तर आत्ता करून पाहा. तोच कोड तेच ऑप्टिमायझेशन ठेवून एकदा मायनस जी लावून आणि एकदा न लावता बिल्ड करा, दोन्हीच्या बिन फाइल काढा आणि कम्पेअर करा. सारख्या निघतात. जीसीसीचा नियमच आहे की मायनस जी ने मशीन कोड बदलायला नको, आणि तो पाळला जातो का हे तपासायला त्यात एफ-कम्पेअर-डीबग नावाचा वेगळा ऑप्शन पण आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सी प्लस प्लस असेल तर ईएच-फ्रेम किंवा एआरएम-एक्सआयडीएक्स नावाचे टेबल दिसतात, ते डीबग इन्फोसारखे वाटतात पण ते एक्सेप्शनसाठी असतात आणि ते खरंच फ्लॅशमधे जातात. एक्सेप्शन वापरत नसाल तर ते बंद करा, शिव्या मायनस जी ला देऊ नका.

मग आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधे) 'डीबग' निवडलं की कोड मावत का नाही, आणि 'रिलीज' केलं की मावतो?

कारण आयडीईमधला 'डीबग' म्हणजे फक्त मायनस जी नाही. त्याच्यासोबत मायनस ओ-झिरो येतं, म्हणजे ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद, आणि बरेचदा डीबग नावाचा एक मॅक्रो पण डिफाइन होतो ज्याने लॉगचे प्रिंटएफ चालू होतात. फ्लॅश खातात ते हे दोघं. ऑप्टिमायझेशन आणि डीबग इन्फो ही दोन वेगळी बटणं आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आम्ही मायनस ओएस (कोड लहान करणारं ऑप्टिमायझेशन) आणि मायनस जी दोन्ही सोबत लावतो, शेतात जाणाऱ्या बिल्डला सुद्धा. एव्हीआरवर तर मायनस ओ-झिरोने डिले-एमएस सुद्धा बरोबर चालत नाही, कारण त्याचं गणित कंपायलरने आधीच करून ठेवलेलं लागतं.

या डीबग इन्फोमधे नेमकं असतं काय?

थोडक्यात नकाशा. कोणत्या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली, कोणता व्हेरिएबल कुठे आहे (रॅममधे, रजिस्टरमधे, की स्टॅकवर म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत), त्याचा टाइप काय, स्ट्रक्टच्या आत कोणता मेंबर कितव्या बाइटला, आणि एका फंक्शनमधून मागे जायचं तर आधीचं फंक्शन स्टॅकवर कसं सापडेल. हे लिहायच्या पद्धतीला ड्वार्फ म्हणतात. ड्वार्फ ५ फेब्रुवारी २०१७ मधे आलं आणि जीसीसी ११ पासून बहुतेक ठिकाणी तेच डिफॉल्ट आहे. तुमचं जुनं टूल 'फॉरमॅट कळला नाही' म्हणत असेल तर जी-ड्वार्फ-४ लावून पाहा, बरेचदा तेवढंच असतं.

फ्लॅश भरत आली, कोण खाऊन राहिलं ते कसं शोधायचं?

आधी लिंकरला (सगळे तुकडे जोडून ईएलएफ बनवणारं टूल) प्रिंट-मेमरी-युसेज सांगा म्हणजे प्रत्येक बिल्डला टक्केवारी समोर येते. मग एनएम कमांड (ईएलएफमधल्या नावांची यादी देते) साइजच्या क्रमाने लावा, सगळ्यात मोठी नावं खाली येतील, आणि मायनस एल दिलं तर डीबग इन्फोतून फाइल आणि ओळ पण सोबत छापून येते. आमच्याकडे एकदा प्रिंटएफचं फ्लोटिंग पॉइंट सापडलं, फक्त ओलाव्याचा टक्का एका दशांशाने दाखवायला अख्खी फ्लोटची लायब्ररी आत आली होती. टक्का दहापट करून इंटिजरमधे ठेवला आणि मधे टिंब छापलं, काम झालं.

फंक्शन-सेक्शन्स, डेटा-सेक्शन्स आणि लिंकरचं जीसी-सेक्शन्स लावलेलं नसेल तर आधी ते लावा, न वापरलेलं फंक्शन त्याशिवाय निघत नाही. आणि एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर नावामागे कॉन्स्टप्रॉप, पार्ट, आयएसआरए असली शेपटी दिसेल, ती कंपायलरने केलेली कॉपी किंवा तुकडा असतो, घाबरायचं नाही.

आणि रॅम?

रॅमसाठी डीबग इन्फोचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे स्ट्रक्टमधली रिकामी जागा दिसते. जीडीबी या डीबगरमधे पीटाइप ला स्लॅश ओ लावून स्ट्रक्टचं नाव द्या, किंवा पाहोल नावाचं टूल ईएलएफवर चालवा, प्रत्येक मेंबर कितव्या बाइटला आहे आणि मधे किती बाइट वाया गेले ते लिहून येतं.

आमचंच उदाहरण घ्या. सिंचनाच्या नोंदीचा स्ट्रक्ट होता, त्यात आधी व्हॉल्व्हचा नंबर १ बाइट, मग वेळ ४ बाइट, मग फ्लॅग १ बाइट, मग ओलावा २ बाइट. बेरीज ८. पण वेळेला ४ च्या पाढ्यातला पत्ता लागतो म्हणून व्हॉल्व्हनंतर ३ बाइट रिकामे, आणि ओलाव्याला सम पत्ता लागतो म्हणून फ्लॅगनंतर १ रिकामा, असे एकूण १२. रॅममधे अशा २०० नोंदी ठेवत होतो, म्हणजे २४०० बाइट. क्रम बदलला, आधी वेळ, मग ओलावा, मग व्हॉल्व्ह आणि फ्लॅग, बस. स्ट्रक्ट ८ वर आला, १६०० बाइट लागले, ८०० बाइट मोकळे झाले आणि लॉजिकची एक ओळ बदलावी लागली नाही. २० केबीच्या बोर्डात ८०० बाइट म्हणजे एका टास्कचा आरामशीर स्टॅक होतो. एव्हीआरवर हे करून काही मिळत नाही बरं का, तिथे ८ बिटचा प्रोसेसर आहे, कंपायलर मधे जागा सोडतच नाही.

पॅक्ड लावून पण जागा वाचते, पण मग मेंबरचा पॉइंटर कुठे दिला की कॉर्टेक्स-एम० सारख्या चिपवर अनअलाइन्ड वाचनाने थेट फॉल्ट येतो. क्रम बदलून भागत असेल तर पॅक्डच्या वाटेला जाऊ नका.

स्टॅक किती ठेवायचा? मी अंदाजे १ केबी देतो.

अंदाजे देऊ नका ना भाऊ. एफ-स्टॅक-युसेज लावा, प्रत्येक सोर्स फाइलमागे एक डॉट-एसयू फाइल तयार होते, त्यात ओळीओळीने फंक्शनचं नाव, किती बाइट, आणि स्टॅटिक की डायनॅमिक ते असतं. डायनॅमिक दिसलं की समजा कुणीतरी अलोका किंवा बदलत्या लांबीचा अ‍ॅरे वापरलाय, तो आधी काढा. मग सगळ्यात खोल जाणारी कॉलची साखळी धरून बेरीज करा, त्यात इंटरप्ट मिळवा, कॉर्टेक्स-एम ३ वर एक इंटरप्ट आला की हार्डवेअर स्वतःच ८ वर्ड म्हणजे ३२ बाइट ढकलतं, एफपीयू (फ्लोटचं गणित करणारा भाग) वाला एम४ असेल आणि फ्लोट वापरत असाल तर १०४, आणि इंटरप्टवर इंटरप्ट येऊ शकत असेल तर प्रत्येक पातळीचे वेगळे. फंक्शन पॉइंटर आणि रिकर्शन या बेरजेत दिसत नाही, ते स्वतः शोधून मिळवावं लागतं.

ही झाली कागदावरची बेरीज. सोबत स्टॅक रंगवायचा पण, म्हणजे सुरुवातीला त्यात एकच ओळखीचा आकडा भरून ठेवायचा आणि आठवडाभर चालवून किती पुसला गेला ते पाहायचं. फ्रीआरटीओएस (छोट्या बोर्डांची ऑपरेटिंग सिस्टिम) हे स्वतः करतं, हाय-वॉटर-मार्कचं फंक्शन तयारच आहे. दोन्ही आकडे जवळ आले तर झोप लागते, रंगवलेल्यापेक्षा बेरीज कितीतरी मोठी आली तर टेस्टिंगमधे ती साखळी अजून चाललेलीच नाही असं समजा.

शेतात बोर्ड आपोआप रीसेट होतो, तिथे डीबगर कुठून लावू?

लावायची गरज नाही. हार्डफॉल्ट (प्रोसेसरला पुढे जाता येत नाही अशी चूक) आला की कॉर्टेक्स-एम स्टॅकवर आर० ते आर३, आर१२, एलआर (परत यायचा पत्ता), पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एक्सपीएसआर ही रजिस्टर ठेवून देतं. फॉल्ट हँडलरमधे त्यातले पीसी आणि एलआर, सोबत सीएफएसआर (चूक कोणती) आणि बीएफएआर (कोणता पत्ता वापरताना झाली) रजिस्टर, असे चार आकडे रॅमच्या अशा जागी लिहा जी स्टार्टअप कोड पुसत नाही, बाजूला एक मॅजिक नंबर ठेवा आणि रीसेट करा. पुन्हा चालू झाल्यावर मॅजिक नंबर सापडला की ते चार आकडे एलसीडीवर दाखवा किंवा एसएमएस करा. १६ बाइटात अख्खी कहाणी. वीज गेली तर मात्र ते जातं, म्हणून लगेच कुठेतरी पक्कं लिहून ठेवा. आणि एम० मधे सीएफएसआर, बीएफएआर नसतात, तिथे पीसी आणि एलआर वरच भागवावं लागतं.

हे आम्ही काटोलकडच्या एका बागेत शिकलो. मे महिना, पारा ४५ च्या वर, झाडावर आंबिया बहाराची फळं, आणि कंट्रोलर दिवसातून दोनदा रीसेट होऊन राहिला होता. अशा वेळी दोन दिवस पाणी चुकलं की फळगळ सुरू होते, आणि वर्षभराचं पीक डोळ्यासमोर जमिनीवर पडतं. बागवाले काका फोनवर एलसीडीचे आकडे वाचून सांगत होते, पीसी ०८००४२१६, बीएफएआर ३१३९३०३२. मी अ‍ॅडर-टू-लाइनला (पत्त्यावरून फाइल आणि ओळ सांगणारं टूल) पीसीचा पत्ता दिला तर डिस्प्लेच्या कोडमधली एक साधी ओळ आली, तिथे फॉल्ट यायचं काही कारणच नव्हतं. दोन दिवस त्या ओळीत डोकं घातलं. मग लक्षात आलं की मी जी ईएलएफ वापरून राहिलो ती त्या बोर्डाची नव्हतीच, मधल्या काळात नवीन बिल्ड केला होता आणि जुनी ईएलएफ त्याच नावाखाली पुसली गेली होती. गिटमधून जुना टॅग काढला, त्याच कंपायलरच्या त्याच व्हर्जनने बिल्ड केला, हेक्स जुन्या हेक्सशी जुळवून पाहिली, जुळली, आणि मग तोच पत्ता दिला तर मोडेमच्या फाइलची ओळ २१२ आली, एका पॉइंटरमधून वाचणारी.

आता बीएफएआर पाहा, ३१ ३९ ३० ३२. हे पत्त्यासारखं दिसतच नाही, हे तर आस्कीमधले आकडे आहेत, १, ९, ०, २. म्हणजे पॉइंटरवर कुणीतरी अक्षरं लिहिली. मॅप फाइल (काय कोणत्या पत्त्यावर आहे त्याची लिंकरने दिलेली यादी) उघडली तर त्या पॉइंटरच्या अगदी आधी मोडेमच्या उत्तराचा ६४ बाइटचा बफर. नेटवर्ककडून बॅलन्सचा लांब मेसेज आला की तो बफरच्या बाहेर सांडत होता. लांबीची एक तपासणी टाकली, संपलं. वीस मिनिटांचं काम होतं, योग्य ईएलएफ हाताशी असती तर.

अ‍ॅडर-टू-लाइन फाइल दाखवतं पण ओळ एक-दोनने चुकते, असं का?

एलआर देत असाल तर ते बरोबरच आहे, एलआर म्हणजे कॉलनंतर परत यायचा पत्ता, त्यामुळे पुढची ओळ दिसते. शिवाय थंब या इन्स्ट्रक्शन सेटमुळे एलआरचा शेवटचा बिट १ असतो, आकडा विषम दिसतो. त्यातून १ वजा करा, मग अजून २ वजा करून द्या, कॉलची ओळ मिळेल. सोबत मायनस आय नक्की लावा, नाहीतर इनलाइन झालेलं फंक्शन कुणी बोलावलं ते दिसत नाही आणि मायनस ओएसमधे अर्धी छोटी फंक्शनं इनलाइनच होतात.

सीएफएसआरमधे इम्प्रिसाइज बिट लागलेला असेल तर मात्र पीसीवर विश्वास ठेवू नका. राइट बफरमुळे खरी चूक काही इन्स्ट्रक्शन आधीच होऊन गेलेली असते. एम३ आणि एम४ वर तो राइट बफर तात्पुरता बंद करता येतो, मग फॉल्ट नेमक्या जागी येतो.

जीडीबी सारखं 'ऑप्टिमाइज्ड आउट' म्हणतं, मग डीबग इन्फोचा काय फायदा?

ते खरं सांगून राहिलं. त्या ठिकाणी तो व्हेरिएबल कुठेच शिल्लक नाही, त्याचं रजिस्टर दुसऱ्या कामाला लागलंय. डीबग इन्फोमधे लिहिलेलंच असतं की अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत हा आर४ मधे आहे आणि त्यानंतर नाही. चार इन्स्ट्रक्शन आधी थांबा, बरेचदा सापडतो. नाहीच जमलं तर फक्त ती एक फाइल मायनस ओजी (डीबगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) ने बिल्ड करा, बाकी सगळं मायनस ओएस राहू द्या, फ्लॅशमधे मावतं. फंक्शनवर ऑप्टिमाइझ अ‍ॅट्रिब्यूट लावायची पण सोय आहे पण जीसीसीच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की ते डीबगिंगपुरतं आहे, शेतात जाणाऱ्या कोडमधे नको. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावला तर दिसायला लागतो, पण मग कोडच बदलला, टायमिंगचा बग असेल तर तो लपून बसतो.

ब्रेकपॉइंट लागतच नाही, 'संपले' म्हणतं.

फ्लॅशमधले ब्रेकपॉइंट हार्डवेअरचे असतात, एम३ वर ६, एम० वर जास्तीत जास्त ४. इनलाइन झालेल्या फंक्शनवर एक लावला की प्रत्येक कॉपीसाठी एक खर्च होतो. जुने काढा, किंवा पत्ता देऊन एकाच जागी लावा.

असर्टमुळे फ्लॅश भरते, काढून टाकू का?

असर्ट (अट खोटी ठरली की थांबवणारी तपासणी) ठेवा, मजकूर काढा. साधा असर्ट प्रत्येक फाइलचं पूर्ण नाव, कधी कधी होम फोल्डरपासूनचा अख्खा पाथ, आणि वरून कंडिशनचा मजकूर पण फ्लॅशमधे ठेवतो. त्याऐवजी स्वतःचा असर्ट लिहा, चूक झाली की बिल्टिन-रिटर्न-अ‍ॅड्रेसने पत्ता घ्यायचा आणि फॉल्टसारखाच जपून ठेवायचा. ४ बाइट. कोणती फाइल, कितवी ओळ ते घरी बसून ईएलएफ सांगेल. लॉगचं पण हेच करता येतं, मजकूर ईएलएफच्या लोड न होणाऱ्या सेक्शनमधे ठेवायचा आणि बोर्डाने फक्त त्याचा पत्ता पाठवायचा, रस्टमधलं डीएफएमटी याच पद्धतीने चालतं. मेमरी कमी असलेल्या बोर्डावर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, सगळं जड सामान कॉम्प्युटरवर आणि चिपमधे फक्त पत्ता.

माझ्याकडे अर्डुइनो आहे, नागपूरच्या बर्डीवरून आणलेला नॅनो. त्यात हे चालतं का?

चालतं. प्रेफरन्समधे कंपाइलचं व्हर्बोज आउटपुट चालू करा, खाली ईएलएफचा पाथ दिसेल, ती फाइल कॉपी करून घ्या कारण ती टेम्पररी फोल्डरमधे असते. एव्हीआर-एनएम, एव्हीआर-साइज, एव्हीआर-ऑब्जडंप सगळे त्याच्यावर चालतात. रॅमचे पत्ते ८००१०० पासून सुरू झालेले दिसतील, ते खरे पत्ते नाहीत, फ्लॅश आणि रॅम वेगळे ओळखू यावेत म्हणून टूलचेनने त्यात ८००००० मिळवलेले असतात. आणि सिरियल प्रिंटमधले मजकूर रॅम खातात, २०४८ बाइटातले पाच-सहाशे असेच जाऊ शकतात. एनएममधे त्यांची नावं येत नाहीत, ऑब्जडंपने डेटा सेक्शन उघडून पाहा, सगळी वाक्यं ओळीने दिसतील. त्यांना एफ मॅक्रो (मजकूर फ्लॅशमधेच ठेवणारा) लावा.

प्रॉडक्शनवाल्याला ईएलएफ दिली तर चालेल?

देऊ नका, हेक्स द्या. ईएलएफमधे सोर्स कोड नसतो पण फंक्शनची, व्हेरिएबलची नावं, टाइप, फोल्डरचे पाथ सगळं असतं.

मग दर रिलीजला नेमकं जपायचं काय?

ईएलएफ, मॅप, हेक्स, गिटचा हॅश आणि कंपायलरचं व्हर्जन, एका फोल्डरमधे, व्हर्जनच्या नावाने, आणि त्यावर कधीच पुन्हा लिहायचं नाही. आम्ही लिंकरला बिल्ड-आयडी पण सांगतो, २० बाइटचा ठसा ईएलएफमधे आणि चिपमधे दोन्हीकडे जातो, लिंकर स्क्रिप्टमधे त्याला कीप लावायला विसरू नका नाहीतर जीसी-सेक्शन्स त्याला उडवेल. फॉल्टच्या चार आकड्यांसोबत एलसीडीवर त्याचे पहिले चार बाइट पण येतात, काका फोनवर आधी ते वाचतात, मी तो फोल्डर उघडतो, मग ते पीसी सांगतात. बोर्डच वर्कशॉपला आला असेल तर जीडीबीमधे कम्पेअर-सेक्शन्स चालवा, चिपमधला कोड आणि हातातली ईएलएफ एकच आहे की नाही ते लगेच कळतं, आणि जुळलं नाही तर तिथेच थांबून आधी बरोबर ईएलएफ शोधा.